‘तोल’ हे नाव

आमचं वर्कशॉप अमरावतीत, बडनेऱ्याकडे जाणाऱ्या रस्त्यापासून थोडं आत, एका दुमजली घराच्या तळमजल्यावर आहे. पुढच्या खोलीत सोल्डरिंगचं टेबल आणि उघडे पडलेले वजनकाटे असतात, मागच्या खोलीत माझा कॉम्प्युटर. काम करणारे आम्ही दोघंच, मी आणि माझे धाकटे दीर. माझा नवरा बँकेत आहे. संध्याकाळी तो मला घ्यायला येतो, दारातूनच विचारतो, “आज काही चाललं का?” आणि उत्तराची वाट न बघता स्कूटर वळवायला लागतो.

मी मूळची अकोल्याची, जठारपेठेतली. वडील वकील, आजोबा पूजा सांगायचे. आमच्या घरात बोलणं छापल्यासारखं होतं. रस्त्यावर, शाळेत, भाजीवाल्याकडे वऱ्हाडी ऐकायची, पण उंबऱ्याच्या आत ती आणायची नाही असा न सांगितलेला नियम होता. लग्न मी स्वतः ठरवून केलं, मूर्तिजापूरहून दर्यापूरकडे जाताना लागणाऱ्या एका गावातल्या शेतकरी घरात. सासरी सगळे वऱ्हाडीतच बोलतात. मी अजूनही माझ्यासारखीच बोलते. त्याचं कोणी कधी काही वाटून घेतलं नाही. सासरे मात्र सुरुवातीची बरीच वर्षं माझ्याशी फार बोलत नसत. मी समोर आले की ते गप्प होत, कोर्टात गेलेला माणूस होतो तसे.

लग्नाआधी आणि नंतरही काही वर्षं मी अमरावतीच्या एका इंजिनीअरिंग कॉलेजात सी ही प्रोग्रॅमिंगची भाषा शिकवत असे. त्यात नावांवर एक तास असायचा. प्रोग्रॅममध्ये आपण प्रत्येक कामाला आणि आकडा ठेवायच्या प्रत्येक जागेला एक नाव देतो. नाव काय द्यायचं ते आपल्या हातात असतं, पण पूर्णपणे नाही. सी जुनी भाषा आहे, आणि तिच्यात बहुतेक सगळी नावं एकाच मोठ्या हॉलमध्ये बसतात. मी दिलेलं नाव, दुसऱ्या फाइलमध्ये तुम्ही दिलेलं नाव, भाषेसोबत येणाऱ्या लायब्ररीतली, म्हणजे तयार कामांच्या संग्रहातली नावं, सगळी एकत्र. म्हणून भाषेच्या नियमांनी काही नावं आधीच राखून ठेवली आहेत. अंडरस्कोअर, म्हणजे तळाशी येणारी आडवी रेघ, आणि तिच्यापुढे मोठं अक्षर असलेलं नाव आपण ठेवायचं नाही. दोन अंडरस्कोअरनी सुरू होणारंही नाही. एस-टी-आर किंवा एम-ई-एम आणि पुढे छोटं अक्षर असेल तर नाही. आय-एस किंवा टी-ओ आणि पुढे छोटं अक्षर, तेही नाही. अशी नावं आज कोणी वापरत नसलं, तरी उद्या भाषेला लागू शकतात, म्हणून ती जागा रिकामी ठेवायची.

या तासाला मुलं खिडकीबाहेर बघायची. परीक्षेत यावर प्रश्न येत नसे. एकदा एका मुलीने विचारलं होतं, “मॅडम, कोणी बसलेलं नाही तर सीट रिझर्व्ह कशी?” मी तिला एसटीच्या पहिल्या सीटवरच्या पाटीबद्दल काहीतरी सांगितलं. तिचं समाधान झालं नाही आणि माझंही झालं नाही.

पुढे कॉलेजात मुलं कमी होत गेली आणि आमची शाखा बंद झाली. त्याच सुमारास दीर चाकणच्या कारखान्यातली नोकरी सोडून परत आले होते. त्यांचा इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा. गावातल्या शेतीवर सगळ्यांचं भागण्यासारखं नव्हतं, आणि त्यांना पुण्याकडे राहायचं नव्हतं. ते काटे दुरुस्त करत. मग स्वतःचा इंडिकेटर बनवू लागले. इंडिकेटर म्हणजे काट्याचा तो डबा ज्यावर लाल आकडे दिसतात. प्लॅटफॉर्मखालच्या सेन्सरकडून बारीक विजेचा ताण येतो, एक चिप त्याचा आकडा करते, आणि आमचा प्रोग्रॅम त्या आकड्याचे किलो करतो.

प्रोग्रॅम ते स्वतः लिहीत. मला पहिल्यांदा दाखवला तेव्हा मी वाचतच राहिले. सगळी नावं वऱ्हाडी होती. रोमन अक्षरांत लिहिलेली, पण वऱ्हाडी. थांबण्याच्या कामाला ‘थांब’, प्लॅटफॉर्म रिकामा आहे का ते बघायला ‘खालीहाये’, शून्य करायला ‘पुसूनटाक’. आणि जिथे चालू वजन ठेवलं जाई त्या जागेचं नाव होतं ‘तोल’. टी, ओ, एल.

“भाऊजी, हे असं का लिहिलंय?” मी विचारलं.

“काहून? वाचता नाही येत?”

“येतं. पण कोणी दुसऱ्याने वाचायचं म्हटलं तर?”

“दुसरा कोन वाचते, वहिनी? तुमी अन् मी.” मग ते म्हणाले, “इंग्रजी नावं साऱ्या जगाले सुचतात. वेट, काउंट, डेटा. टक्कर होते. ‘पुसूनटाक’ कोनाले सुचन सांगा.”

यात तथ्य होतं. मी कॉलेजात मुलांना हेच दुसऱ्या शब्दांत सांगत आले होते. मी त्यांना एवढंच म्हटलं की टी-ओने सुरू होणारी नावं राखीव असतात, तेव्हा तोलच्या जागी दुसरं काही ठेवा, वजन ठेवा.

“वजन सोनाराकडे होते,” ते म्हणाले. “कापसाचा तोल होते.”

विषय तिथे संपला. नियम कामांच्या नावांसाठी केलेला होता आणि तोल ही नुसती एक जागा होती. तरी कडक अर्थ लावला तर तीही त्यात येते. पण हा असा वाद होता जो मी कॉलेजातल्या सहकाऱ्यांशी चहावर घातला असता, दिराशी नाही.

काही वर्षं काम बरं चाललं. छोटे काटे गेले, धान्याचे, संत्र्यांचे. मग अकोटच्या एका जिनिंगच्या, म्हणजे कापसातली सरकी काढणाऱ्या कारखान्याच्या, मालकांनी विचारलं की गेटवरच्या मोठ्या काट्याला, ज्यावर ट्रॅक्टर-ट्रॉली चढते, त्याला इंडिकेटर द्याल का. हे काम मोठं होतं. त्यासाठी आम्ही नवी, जास्त बारीक मोजणारी चिप घेतली. चिपच्या कंपनीने तिच्यासोबत एक तयार लायब्ररी दिली होती. आकडा हलत राहू नये म्हणून तो स्थिर करणारा भाग तिच्यात होता. लायब्ररी बंद डब्यासारखी होती. काय मागायचं आणि काय मिळेल ते लिहिलेलं, आत काय आहे ते दिसत नाही.

काटा बसला. सरकारी वजनमापवाले आले, प्रमाणित वजनं क्रेनने ठेवून बघितली, सगळं बरोबर निघालं, शिक्का बसला. दीर त्या दिवशी अकोटहून येताना घरी सगळ्यांसाठी जिलेबी घेऊन आले. हंगाम सुरू झाला.

कापूस बऱ्यापैकी येऊ लागल्यावर एक दिवस सासऱ्यांचा फोन आला. दीर टेबलावर काम करत होते, म्हणून त्यांनी फोन स्पीकरवर ठेवला.

“संध्याकाळी घरी येजो,” सासरे म्हणाले.

“काहून, बाबा? तब्येत बरी हाये ना?”

“तब्येत बरी हाये. तू ये.”

आम्ही दोघंही गेलो. ओट्यावर सासरे आणि शेजारचे एक गृहस्थ बसले होते. या शेजाऱ्यांचं शेत आमच्या शेताला लागून आहे. त्यांनी आणि सासऱ्यांनी एका विहिरीवर वर्षानुवर्षं पाळीपाळीने पाणी घेतलं आहे, कधी भांडण नाही. त्या दिवशी मात्र ते दिरांकडे न बघता सासऱ्यांकडे बघून बोलत होते.

“म्या ट्रॉली भरली अन् दर्यापूरच्या रस्त्यावर धरमकाट्यावर तोलून पाह्यली,” ते म्हणाले. “तसीच अकोटले नेली. तिथं गेटवर कमी भरली. एका पोत्याएवढा फरक. रस्त्यात म्या काय कापूस सांडला?”

“धरमकाटा चुकला असन,” दीर म्हणाले.

“दुसऱ्या खेपेले बी तोलला. तवाबी कमी.” मग त्यांनी पहिल्यांदा दिरांकडे बघितलं. “गावात लोक काय म्हनून राहिले, मालूम हाये तुले? म्हनते, याचा काटा मारते.”

कापसाच्या मुलखात ‘काटा मारतो’ या शब्दांचा अर्थ एकच होतो. व्यापाऱ्याशी संगनमत करून काट्यात फेरफार करणं. सासरे ओट्याच्या फरशीवरून हात फिरवत होते. सासूबाई चहा घेऊन आल्या, तो कोणी उचलला नाही.

“काका,” मी म्हटलं, “तुम्ही परत एकदा ट्रॉली घेऊन अकोटला याल का? आमच्यासमोर तोलू.”

त्यांनी माझ्याकडे आश्चर्याने बघितलं. बहुधा मी बोलेन अशी त्यांची अपेक्षा नव्हती. “येतो ना,” ते म्हणाले. “मले कायची भीती?”

दोन-तीन दिवसांनी आम्ही अकोटला जिनिंगच्या गेटवर भेटलो. मालक साठीचे, पांढरा सदरा, बोलण्यात हिंदी मिसळलेली. त्यांना आम्ही खरं कारण सांगितलं होतं. ते काट्याच्या केबिनमध्ये खुर्ची टाकून बसले आणि म्हणाले, “देख लो. मला पण पाहायचं आहे.”

शेजाऱ्यांचा ट्रॅक्टर जुना. ते तो प्लॅटफॉर्मवर अगदी सावकाश चढवत, चाक चाक करत. ट्रॉली ते येताना धर्मकाट्यावर, म्हणजे रस्त्यावरच्या सार्वजनिक वजनकाट्यावर, तोलून आले होते; इथला आकडा त्यापेक्षा कमी आला. दिरांचा चेहरा उतरला. मग जिनिंगच्या ड्रायव्हरने तीच ट्रॉली खाली उतरवली, वळवली आणि एका दमात वर आणून ब्रेक मारला. आकडा जवळजवळ धर्मकाट्याएवढा आला.

परत शेजाऱ्यांनी चढवली. कमी. परत ड्रायव्हरने. बरोबर.

“हे काय हाये?” दीर माझ्याकडे बघून हळू आवाजात म्हणाले. “मानूस पाहून तोलते काय हा काटा?”

शेजारी ते ऐकून हसले नाहीत. “माह्यासारखे बरेच लोक हयूच, दमादमानं चढवते,” ते म्हणाले. “पोरासोरांचे नवे ट्रॅक्टर सोडले तर.”

मालकांनी त्या दिवशी दुपारीच आमचा काटा बंद केला आणि गाड्या शेजारच्या जिनिंगच्या काट्यावर पाठवायला सुरुवात केली. हे त्यांना किती अवघड गेलं असेल याची मला कल्पना आहे. आम्हाला ते एवढंच म्हणाले, “पहिले कारण शोधा. बाकी नंतर बोलू.”

येताना एसटीत दीर खिडकीला डोकं टेकून बसले होते. अंजनगाव गेल्यावर ते म्हणाले, “म्या त्यात काही केलं नाही, वहिनी.”

“मला माहीत आहे,” मी म्हटलं.

“बाबाले मालूम हाये काय?”

मी त्यांच्या हातात पाण्याची बाटली दिली.

दुसऱ्या दिवशी आम्ही वर्कशॉपमध्ये अकोटहून काढून आणलेला तोच इंडिकेटर एका लहान प्लॅटफॉर्मला जोडला. वजनं ठेवून बघितली, बरोबर. अर्धी काढली, बरोबर. अकोटला सावकाश चढवल्यावर चूक होत होती, तेव्हा वजन सावकाश वाढवायला हवं होतं. दिरांना कल्पना सुचली. त्यांनी प्लॅटफॉर्मवर रिकामा ड्रम ठेवला आणि अंगणातल्या नळाची रबरी नळी त्यात सोडली. पाणी बारीक धारेने पडू लागलं आणि आम्ही दोघं आकड्याकडे बघत उभे राहिलो.

सुरुवातीला आकडा नीट वाढत होता, थोडा थोडा. ड्रम पाव भरला तसा तो अडखळू लागला. थोडा वेळ एका जागी थांबायचा आणि मग उडी मारायचा. ड्रम अर्धा झाला तसं थांबणं वाढलं आणि उड्याही मोठ्या झाल्या. ड्रम भरत आला तेव्हा पाणी पडत होतं आणि आकडा ठार उभा होता. मी नळ बंद केला. आकडा होता तिथेच राहिला, खऱ्या वजनाच्या खाली.

“जसं वजन वाढते तसा हा आळशी होते,” दीर म्हणाले.

नेमकं तेच होत होतं. आकडा स्थिर ठेवणारी कुठलीही लायब्ररी एक मर्यादा ठरवते. त्या मर्यादेपेक्षा लहान फरक आला तर तो वाऱ्याचा किंवा धक्क्याचा समजायचा आणि सोडून द्यायचा. ही मर्यादा कायम सारखी असायला हवी. इथे ती वजनाबरोबर वाढत होती. क्रेनने एकदम मोठी वजनं ठेवली तर फरक मर्यादेपेक्षा मोठा असतो, आकडा बरोबर येतो. ट्रॅक्टर दणक्यात आला तरी तेच. सावकाश चढलेल्या ट्रॉलीचा मात्र शेवटचा थोडा भार मर्यादेच्या आत राहतो, आणि तो काटा धरतच नाही.

मर्यादेला इंग्रजीत टॉलरन्स म्हणतात. हे मनात आल्यावर मी मागच्या खोलीत गेले. प्रोग्रॅमचे सगळे तुकडे जोडले जातात तेव्हा जोडणारं साधन एक नकाशा काढून देतं, कोणतं नाव मेमरीत कुठे बसलं त्याचा. आम्ही तो कधी उघडत नव्हतो, उघडायची गरज पडली नव्हती. मी त्यात टी-ओ-एल शोधलं. ते नाव आमच्या फाइलमध्ये होतं आणि चिपच्या लायब्ररीतही होतं. दोघांसाठी मिळून मेमरीत जागा एकच होती.

लायब्ररी लिहिणाऱ्याने टॉलरन्सचं लघुरूप केलं होतं. दिरांनी तोल लिहिलं होतं. दोघांनीही जागेला सुरुवातीची किंमत दिली नव्हती, आणि आमचं जोडणारं साधन जुन्या पद्धतीचं होतं. अशा वेळी ते तक्रार करत नाही. एकाच नावाच्या दोन जागा दिसल्या की त्या एकच आहेत असं धरून चालतं. लायब्ररी सुरुवातीला तिथे आपली छोटीशी मर्यादा लिहायची. मग आमचा प्रोग्रॅम त्यावर चालू वजन लिहायचा. आणि लायब्ररी तो किलोचा आकडा चिपच्या बारीक एककांतली स्वतःची मर्यादा समजून वाचायची.

मी दिरांना बोलावलं आणि पडद्यावर दाखवलं. ते बराच वेळ उभ्यानेच वाचत राहिले. मग स्टूल ओढून बसले.

“म्हंजे दोघांचे ढोरं एकाच खुट्याले बांदले,” ते म्हणाले.

“हो.”

“अन् तुमी म्हनलं होतं हे नाव ठेवू नका.”

“मी दुसऱ्या कारणाने म्हटलं होतं. आणि हे नाव त्यांनीही ठेवायला नको होतं. नियम त्यांनाही लागू आहे.”

मी चिपच्या कंपनीला मेल लिहिला. उत्तर सभ्य होतं. टी-ओ आणि लहान अक्षराने सुरू होणारी बाहेर दिसणारी नावं भाषेने राखून ठेवली आहेत, तरी आपण आपल्या जागेचं नाव बदलावं, असं त्यात म्हटलं होतं. लायब्ररीतल्या त्यांच्या नावाबद्दल त्यात काही नव्हतं. दिरांनी ते वाचलं.

“नाव राखीव हाये तर त्यायनं काहून ठेवलं मंग?” ते म्हणाले. मी तेच इंग्रजीत लिहून पाठवलं. नंतरच्या लायब्ररीत ते नाव बदललेलं आढळलं, पण आम्हाला कोणी कळवलं नाही.

दुरुस्ती काहीच नव्हती. एक नाव बदलायचं, पुन्हा जोडायचं, ड्रममध्ये पुन्हा पाणी सोडायचं. आकडा शेवटपर्यंत सरळ वाढत गेला. अवघड होतं ते पुढचं. दीर आणि मी अकोटला जाऊन मालकांसमोर बसलो आणि काय झालं ते सांगितलं. मालकांना नावांचं प्रकरण कळलं की नाही, मला शंका आहे. पण शेवटी त्यांनी जे विचारलं ते बरोबर होतं.

“जो सावकाश आला त्याचं कमी झालं. बरोबर?”

“बरोबर,” दीर म्हणाले.

“आणि कोण कोण सावकाश आलं, ते काटा सांगू शकतो?”

“नाही.”

मालक म्हणाले, “दूसरा कोई होता तो काटा बदलून चूप बसला असता. मलाही एकदा तसंच करावंसं वाटलं होतं.” त्यांनी ठरवलं की जो कोणी येऊन सांगेल की माझं कमी भरलं, त्याच्याशी वाद घालायचा नाही, त्याचा फरक भरून द्यायचा. पण लोकांना सांगायचं कोणी, हा प्रश्न होता. मालकांनी सांगितलं असतं तर लोकांना वाटलं असतं, पकडला गेला म्हणून बोलतो.

“मी सांगतो,” दीर म्हणाले. “काटा माहा हाये.”

वजनमापवाल्यांनी पुन्हा तपासून शिक्का दिला आणि काटा सुरू झाला. या वेळी दिरांनी त्यांना सांगून एक ट्रॉली सावकाशही चढवून घेतली. त्या दिवसापासून ते सकाळी पहिल्या एसटीने अकोटला जाऊ लागले. गेटवर उभे राहायचे. रांगेतल्या प्रत्येक ट्रॅक्टरजवळ जायचे आणि सांगायचे, “दादा, याआधी तुमी इथं कापूस आनला होता काय? हयू चढवला असन तर कमी भरला असन. चूक काट्यात होती. काटा म्या बनवला.”

पहिल्या दिवशी मी त्यांच्यासोबत होते. लोक ऐकून घेत. काही जण त्यांच्याकडे नुसते बघत राहत, पुढे काय मागतो याची वाट पाहत असल्यासारखे. एक तरुण मोठ्याने हसला आणि आपल्या सोबत्याला म्हणाला, “पाहा, चोरी करून वरून सांगून राहिला.” एका म्हाताऱ्या बाईंनी, ज्या ट्रॉलीत कापसावर बसून आल्या होत्या, दिरांना सगळं दोनदा सांगायला लावलं. दुसऱ्यांदा ऐकून झाल्यावर म्हणाल्या, “मंग आता नीट हाये ना?” दीर म्हणाले, “हाव, आता नीट हाये.” त्या म्हणाल्या, “बरं,” आणि ट्रॉली पुढे गेली. मी ते सगळं बघत उभी राहिले. दिरांच्या आवाजातला ओशाळेपणा मला जाणवत होता, पण त्याबद्दल मी त्यांना घरी कधी विचारलं नाही.

पुढे एक दिवस दीर गेटवर असताना सासरे तिथे आले. कोणाला न सांगता, गावाहून एसटीने. हे मला दिरांनीच नंतर सांगितलं. केबिनच्या बाहेर एक लाकडी बाक होतं, त्यावर ते जाऊन बसले. दिरांनी विचारलं, “बाबा, तुमी कायले आले?” ते म्हणाले, “बसतो. तू आपलं काम कर.” दिवसभर ते बसून राहिले. आमच्या भागातले बरेच लोक त्या गेटवर येतात आणि सासऱ्यांना ओळखतात. जो ओळखीचा येई तो आधी सासऱ्यांना राम राम करी, मग दिरांचं बोलणं ऐकून घेई. दुपारी दोघांनी सोबत आणलेली भाकरी खाल्ली. त्या दिवशी कोणी हसलं नाही, असं दीर म्हणाले.

घरी आल्यावर सासूबाईंनी सासऱ्यांना विचारलं, एवढ्या लांब उन्हात कशाला गेलात. सासरे म्हणाले, “त्याले एकट्याले कायले उभं राहू देऊ?” एवढंच. त्या विषयावर त्यांच्याकडून मी ऐकलेलं हे एकच वाक्य. त्यांना मुलाबद्दल शंका आली होती का, आणि आली असेल तर ती कधी गेली, हे आम्हाला कळलं नाही. दिरांनी ते विचारलं नाही.

काही लोकांनी येऊन फरक नेला. बऱ्याच जणांनी नाही. काहींना पटलं नसेल, काहींना परत येणं जमलं नसेल. हंगाम संपेपर्यंत बोलणं विरलं, म्हणजे लोक दुसऱ्या गोष्टी बोलू लागले. दोन जिनिंगवाले आमच्याकडून इंडिकेटर घेणार होते, त्यांनी दुसरीकडून घेतले. अकोटच्या मालकांनी आमचा काटा ठेवला. मी एकदा त्यांना कारण विचारलं. ते म्हणाले, “आता तुम्हाला त्यातलं सगळं माहीत आहे. नवीन माणसाला काय माहीत?”

सासरे त्यानंतर माझ्याशी थोडं बोलू लागले. एकदा आम्ही दोघंच अंगणात होतो, तेव्हा त्यांनी विचारलं, “त्या कॉम्प्युटरात नावं कोन ठेवते?” मी सांगितलं, लिहिणारा ठेवतो. “अन् दुसऱ्यानं तेच ठेवलं तर?” मी सांगितलं, बहुतेक वेळा मशीन ओरडतं, कधी कधी ओरडत नाही. त्यांनी थोडा विचार केला आणि विहिरीच्या मोटरबद्दल काहीतरी विचारलं, जे मला येत नव्हतं.

दीर आता नावं कशी ठेवतात ते सांगायला हवं. मला वाटलं होतं की ते इंग्रजीकडे वळतील. ते वळले नाहीत. त्यांनी प्रत्येक नावाच्या सुरुवातीला आडनावाची दोन अक्षरं आणि एक अंडरस्कोअर लावायला सुरुवात केली आणि त्यापुढे वऱ्हाडी तसंच ठेवलं. जी नावं एका फाइलच्या बाहेर दिसायची गरज नाही त्यांना ते आतच कोंडतात, म्हणजे दुसऱ्या कोणाशी गाठ पडत नाही. ही चांगली सवय आहे, आणि ती मी त्यांना सांगितलेली नाही. जोडणारं साधनही आम्ही बदललं. नवं साधन एका नावाच्या दोन जागा दिसल्या की काम थांबवतं. नवा काटा बाहेर जाण्याआधी मी तो नकाशा वरपासून खालपर्यंत वाचते. कंटाळवाणं काम आहे.

मध्यंतरी पुण्याच्या एका कंपनीने ठिबकच्या नियंत्रकासाठी आमचा काही भाग घ्यायचं ठरवलं. त्यांच्याकडचे इंजिनीअर व्हिडिओ कॉलवर होते. त्यांनी विनंती केली की नावं इंग्रजीत करून द्या, आमच्या टीमला वाचता येत नाहीत. दीर म्हणाले, “करून देतो. पन एक सांगा, तुमच्याकडे हे दुसऱ्या कोनाच्या नावाशी जुळते काय, ते कोन पाह्यते?” तिकडून कोणीतरी म्हणालं की ते तपासून कळवतील. नावं मी बदलून दिली, तीन दिवस लागले.

शेजाऱ्यांनी त्या हंगामात फरक नेला नाही. आम्ही दोनदा निरोप पाठवला. विहिरीच्या पाण्याची पाळी पूर्वीसारखीच चालू आहे, आणि लग्नाकार्याला ते येतात. दिरांशी ते नीट बोलतात. कापूस मात्र अकोटला नेत नाहीत, अकोल्याला नेतात. तिथला काटा कोणी बनवला, हे त्यांना माहीत नाही आणि त्यांनी विचारलेलंही नाही. मागच्या दिवाळीत दिरांनी त्यांना ट्रॉली भरायला मदत केली, दोर आवळून दिले, आणि ट्रॉली अकोल्याच्या रस्त्याला लागेपर्यंत बांधावर उभे राहिले.